शब्द कुठे संपतो

३ फेब्रुवारी

दादा,

पाकीट फाडलंस म्हणजे निम्मं काम झालं. फोनचा नंबर तू बदललास, मेल केली की ती तशीच माघारी येते, पत्ता तेवढा आईजवळ ठेवलास. तो मी मागून घेतला. देताना तिने विचारलं, "भांडायला लिहितेयस का?" मी म्हटलं, नाही गं, कामाचं आहे. त्यावर म्हणाली, "मग दोन्ही होईल."

तर काम. तू गेल्यावर रखडलेलं स्थलांतर आता खरंच झालं. सांधे-नोंदणीचा सगळा डेटा नव्या डेटाबेसमध्ये गेला. कुणाच्या शरीरात कोणता कृत्रिम सांधा बसवला, कोणत्या लॉटचा, कधी, सगळं. जुनं मशीन मार्चअखेर बंद होणार. आणि दोन्हींकडे शोधाचे नमुने कसे लिहायचे, कोण काय कसं वाचतो, याचा शेजारी-शेजारी ठेवलेला दस्तऐवज मी लिहायचा आहे. मीटिंगमध्ये हा विषय निघाला तेव्हा सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी नेमकी वर बघत होते.

तुला वाटेल, आली शेवटी शरण. तसं काही नाही. "हे नमुने नव्यात जसेच्या तसे चालणार नाहीत," असं तू ओरडून सांगितलंस, संचालक मॅडम म्हणाल्या की तुमचा जीव तुमच्या जुन्या कोडमध्ये अडकलाय, आणि तू त्याच दुपारी राजीनामा टाकलास. माझ्याकडे बघून दारात थांबलास. मी उठले नाही. त्याबद्दल मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. दोघांपैकी कुणीतरी बसून राहायला हवं होतं. हे एकदा लिहून टाकलं, आता पुढे जाऊ.

आपल्या कारकून मंडळींसाठी सुरुवात अशी केली आहे, बघ जमलीय का:

"रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे मजकुरात काय शोधायचं आहे त्याचं चिन्हांनी केलेलं वर्णन. नेमका शब्द माहीत नसतो तेव्हा त्याचा चेहरामोहरा सांगायचा: आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग पाच अंक. आपण याला नमुना म्हणू. नमुन्याची चिन्हं सगळीकडे सारखीच दिसतात, पण प्रत्येक डेटाबेस ती आपल्या पद्धतीने वाचतो."

सोबत पहिली चार पानं जोडली आहेत. वाचलीस तर बरं. नाही वाचलीस तरी दस्तऐवज होणारच आहे.

खडू

१८ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मी काही पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली नाही.

फरक मात्र एकेक सापडताहेत. जुना डेटाबेस लहान-मोठं अक्षर एकच मानायचा, नवा मानत नाही. त्याला वेगळं सांगावं लागतं. उलटी तिरकी रेघ जुन्यात दोनदा लिहावी लागायची, नव्यात एकदा पुरते. दोनदा लिहिली तर तो खरोखरची उलटी रेघ शोधत बसतो. नव्यात शोधायच्या दोन पद्धती आहेत. एकीत नमुना मजकुरात कुठेही सापडला तरी चालतो, दुसरीत पूर्ण मजकूर नमुन्यात बसावा लागतो. दोन्हींची नावं इतकी सारखी आहेत की हे ठरवणाऱ्या माणसाला घरी काही उद्योग नसणार.

यात मला सर्वांत डाचतं ते असं की चूक झाली तरी कुणी ओरडत नाही. गाडी बिघडली तर आवाज तरी करते. इथे नमुना चुकीचा वाचला गेला तरी डेटाबेस शांतपणे सांगतो, काही सापडलं नाही. आणि आपण मान डोलावतो, की बरं, नसेल.

म्हणून मी ठरवलंय की पुस्तकात वाचून एकही ओळ लिहायची नाही. प्रत्येक नमुना दोन्ही मशीनवर चालवून बघायचा आणि उत्तरं जुळली तरच पुढे जायचं. मॅडम म्हणाल्या, अहो, असं केलं तर वर्ष लागेल. मी म्हटलं, मार्चअखेर देते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की समोरचा माघार घेतो, असा त्यांचा अनुभव आहे.

तुझ्या खुर्चीवर आता एक अभियंता बसतो. हुशार आहे, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडातून अक्षर नाही. आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो. नमुने नव्यात त्यानेच आणले.

आई माझ्याकडेच आहे. जिन्याने वर-खाली करणं आता होत नाही, म्हणून पुढची खोली तिला दिली. खिडकीतून अख्ख्या गल्लीवर लक्ष ठेवते. कुणाची सायकल कुठे लागली हे पोलिसांना माहीत नसेल, आईला असतं.

खडू

४ मार्च

दादा,

पानं परत आली! पाकिटात लाकडाचा भुसा होता, म्हणजे हल्ली तू होड्या बांधतोस त्या शेडमध्येच बसून वाचलीस. पेन्सिलीने तीन दुरुस्त्या, बाकी एक शब्द नाही. आईने पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, चिठ्ठीबिठ्ठी पडते का म्हणून.

पहिली आणि तिसरी दुरुस्ती मान्य. दुसरी चूक आहे. मी नव्यात करून पाहिलं, तू म्हणतोस तसं होत नाही. सवयीने लिहिलंस.

आता नीट वाच, कारण यानंतरचं हलकं नाही.

खुब्याच्या एका सांध्याचे काही लॉट कंपनीने परत मागवले आहेत. आतला मुलामा झिजतो आणि धातूचे कण रक्तात उतरतात. ज्यांच्या शरीरात तो सांधा आहे त्या प्रत्येकाला बोलावून रक्त तपासायचं आहे. यादी आपल्या कार्यालयाने द्यायची. मौनीबाबाने नव्या डेटाबेसमधून काढली, मॅडमनी सही केली, यादी इस्पितळांना गेलीसुद्धा.

मी ठरवल्याप्रमाणे तोच नमुना जुन्या मशीनवर चालवला. जुन्याने जास्त माणसं दिली. एक पानभर जास्त.

ती सगळी लहान इस्पितळांतली होती. लॉट क्रमांकाचा वेगळा रकाना त्यांना फार उशिरा मिळाला, तोवर तिथले लोक तो शेऱ्यातच लिहायचे, तुला आठवत असेल: "डावा खुबा, केआर-४१७०२, रक्तस्राव कमी, मुलगी सोबत." त्या गर्दीतून क्रमांक वेचायला तू नमुना केलास आणि त्याच्या दोन्ही टोकांना उलटी रेघ आणि इंग्रजी बी लावलास, म्हणजे शब्द इथे सुरू होतो आणि इथे संपतो. नाहीतर बिलांचे लांबलचक क्रमांकही जाळ्यात आले असते.

नव्या डेटाबेसमध्ये उलटी रेघ आणि बी म्हणजे शब्दाची सीमा नाही. तिथे त्याचा अर्थ मागे खोडायच्या कळीचं अदृश्य चिन्ह असा होतो. सीमेसाठी तिथे वायची खूण आहे. म्हणजे नवा डेटाबेस त्या सगळ्या शेऱ्यांमध्ये असं चिन्ह शोधत होता जे कुणी कधी टाइप केलेलंच नाही. नाही सापडलं. गप्प बसला.

तू जे ओरडून सांगत होतास ते खरं ठरलं. मला वाटलं होतं की हे लिहिताना तुझ्यासाठी थोडा आनंद होईल. तो नाही झाला, कारण त्या पानावर माणसांची नावं आहेत.

उद्या सकाळी मॅडमकडे जाते आहे.

खडू

१५ मार्च

दादा,

मॅडमनी ऐकलं. चेहरा उतरला, पण गेलेली यादी अपुरी आहे असं इस्पितळांना कळवलं. पुरवणी यादी निघेल, फक्त सोबत फरकांचा दस्तऐवज हवा, लेखकाच्या सहीसकट. तो गेला की यादी वरच्या रुग्ण-सुरक्षा मंडळाकडून इस्पितळांना जाणार. तेव्हा सगळे माझ्या डोक्यावर उभे आहेत.

आणि आता जे लिहिते आहे ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे.

मी बीच्या जागी वाय घातला. दोन्ही मशीनची उत्तरं तंतोतंत जुळली. कुणीही तिथे थांबलं असतं. पण दोघे एकच उत्तर देतात म्हणजे ते बरोबरच असतं असं थोडंच आहे? आपल्याकडे बाबा आणि काका एकमताने रस्ता चुकायचेच की. म्हणून मी एका लहान इस्पितळाचे सगळे शेरे घेतले आणि नमुना बाजूला ठेवून डोळ्यांनी वाचले. चहा गार झाला, मान आखडली, वाचले.

एका शेऱ्यात होतं: "उजवा खुबा, केआर-४१७०२६."

सहा अंक.

कंपनीने मध्येच सहा अंकी क्रमांक सुरू केले होते. तसं परिपत्रक आलं होतं, तू असतानाच. तुझा नमुना म्हणतो, पाच अंक आणि मग शब्द संपलाच पाहिजे. सहावा अंक आला की शब्द संपत नाही, आणि ते माणूस यादीत येत नाही. जुन्या डेटाबेसमध्येही येत नव्हतं. तू होतास तेव्हाही नाही.

मूठभर माणसं आहेत. पण ती कुठल्याच यादीत नाहीत, ना जुन्या ना नव्या. त्यांना कुणी बोलावणार नव्हतं.

नमुना मी दुरुस्त केला. दस्तऐवजात हे दुसऱ्या पानावर येणार आहे, बीच्या गोष्टीच्या लगेच खाली, तेवढ्याच जाड अक्षरात. तुझं नाव घालणार नाही, पण जुने नमुने कुणाचे हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तू संतापशील. मागच्या वेळी संतापलास तेव्हा गावच सोडलंस, आता तर गावही सोडायला उरलेलं नाही. तरी लिहिणार आहे. नव्याची चूक लिहायची आणि तुझी झाकायची, असा दस्तऐवज कुणी वाचू नये, आणि तू तर नाहीच.

उत्तर दिलंस तर वाचीन. नाही दिलंस तरी पान तेच राहील.

खडू

२४ मार्च

दादा,

तुझ्याकडून काही नाही. आई रोज विचारत नाही, पण पोस्टमन दिसला की खिडकीतून नुसती खाकरते.

गेल्या आठवड्यात सहीची मीटिंग झाली. मॅडमनी माझं दुसरं पान घेतलं आणि त्याचं एक वाक्य केलं: "जुन्या प्रणालीतील सदोष नमुन्यांमुळे काही रुग्ण यादीतून राहून गेले." बस. बी नाही, वाय नाही, नवा डेटाबेस नाही. वर म्हणाल्या की यात खोटं काय आहे, तुम्हीच तर सहा अंक शोधून काढलेत.

मी म्हटलं, खोटं नाही, पण अर्धं आहे. पानभर माणसं नव्यामुळे राहिली, मूठभर जुन्यामुळे. दोन्ही लिहू.

त्या जराशा पुढे झुकल्या. म्हणाल्या, "मला कळतं. भावाचं नाव वाचवायचा प्रयत्न आहे तुमचा."

"मॅडम, भावाची चूक मीच लिहिली आहे. तुम्ही तेवढीच ठेवलीत."

मी पेन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की एवढ्या एका वाक्यावर माझी सही होणार नाही, दुसऱ्या कुणाची घ्या. हे मी काही चढ्या आवाजात म्हटलं नाही.

तेवढ्यात मौनीबाबाने घसा साफ केला. सगळे दचकले, कारण तो आवाज आम्ही ओळखतच नव्हतो. म्हणाला, "बी माझ्याकडून राहिला. मी नमुने उचलून आणले, चालवून पाहिले नाहीत. ते तसंच लिहा." आणि परत आपल्या मौनात गेला.

मॅडमनी माझं पान आणि आपलं वाक्य शेजारी-शेजारी ठेवलं. मी त्यांना इतकी वर्षं बघते आहे, वाईट बाई नाही ती. हे स्थलांतर त्यांनी वरच्यांशी भांडून मिळवलं होतं. शेवटी म्हणाल्या, "दोन्ही ठेवा. पण शुद्धलेखन एकदा तपासून घ्या." हे म्हणजे आपल्या कार्यालयातलं हार मानणं.

सही केली. यादी गेली.

त्या सहा अंकीवाल्यांपैकी एका बाईंचा पत्ता आणि फोन दोन्ही जुने निघाले, इस्पितळाने हात वर केले. शेऱ्यात धंदा लिहिला होता, बसचालक. मग मी आज सुट्टी काढून डेपोत गेले. त्या आता बस चालवत नाहीत, वेळापत्रकाच्या खिडकीत बसतात. क्लच दाबताना खुब्यात कळ यायची, मग पायाला मुंग्या, मग झोप नाही. डॉक्टर बदलले. एकाने वजन कमी करा सांगितलं, दुसऱ्याने विचार कमी करा सांगितलं. शेवटी गाडीच सोडली.

मी त्यांना सगळं सांगितलं. सांधा, लॉट, रक्ताची तपासणी, कुठे जायचं, कुणाला भेटायचं. त्यांनी खिडकीची काच खाली ओढली, आतून बाहेर आल्या आणि बाकावर माझ्या शेजारी बसल्या. रडतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "हे मला लेखी द्याल का?"

म्हटलं, हो, डॉक्टरांना दाखवायला लागेलच.

"डॉक्टरांना नंतर," त्या म्हणाल्या. "आधी नवऱ्याला."

तिथेच बाकावर बसून लिहून दिलं.

खडू

११ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं.

आधी बातम्या. बसचालक बाईंच्या रक्तात धातू अपेक्षेपेक्षा बराच निघाला. सांधा बदलायचं ठरलं आहे, तारीखही मिळाली. त्यांनी कार्यालयात फोन करून मला फोनवर बोलावलं आणि सांगितलं, नवरा आता घरात फार सांभाळून बोलतो. पुरवणी यादीतली बाकीची माणसंही इस्पितळात येऊ लागली आहेत. बऱ्याच जणांना काही झालेलं नाही, तपासून घरी गेले. तिघा-चौघांना वेळेवर धरलं, असं डॉक्टर म्हणतात. जुनं मशीन बंद झालं. मौनीबाबाने बटण दाबलं, कुणी भाषण केलं नाही.

आता तुझं पत्र. मी ते उभ्याउभ्या, दारातच वाचलं. वाटलं होतं की परिपत्रकाबद्दल काहीतरी कारण देशील, किंवा मला सुनावशील. त्यातलं काही नव्हतं. वर फक्त "सहा अंकांचं बरोबर आहे" आणि खाली तीन नमुने: खांद्याच्या सांध्याचा, गुडघ्याचा, हाडांच्या पट्ट्यांचा. तिन्हींत तेच पाच अंक, तीच चूक, आणि मला त्यातला एकही दिसला नव्हता. तू इतक्या लांब, त्या शेडमध्ये, समोर मशीन नसताना, नुसते आठवून काढलेस. प्रत्येकासमोर बरोबर नमुना लिहिलास, जुन्यात कसा आणि नव्यात कसा. नव्यातला वायसुद्धा बरोबर जागी.

तिन्ही नव्यात चालवले. खांद्याच्या नमुन्याने माणसं दिली. त्या सांध्याबद्दल आज कुणाची तक्रार नाही, पण उद्या कंपनीने परत मागवला तर ती यादीत असतील. दस्तऐवजाला पुरवणी जोडली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, हे कुणी शोधलं? मी सांगितलं, ज्याने लिहिलं होतं त्यानेच. त्यांनी तुझा पत्ता मागून घेतला आहे. त्या लिहितील असं वाटतं. चिडून उत्तर देऊ नकोस. किंवा दे, पण दे.

तू ये, असं मी लिहिणार नाही. तुझं तू ठरवशील. पुढची खोली आईची असली तरी मधल्या खोलीत एक कॉट मावते, एवढंच सांगून ठेवते.

पत्र घेऊन आत गेले तर आई खिडकीत नव्हती, पलंगाच्या कडेला बसून वाट बघत होती. म्हणाली, "काय लिहिलंय?"

म्हटलं, "काही नाही गं. स्वतःच्या तीन चुका लिहून पाठवल्यात."

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं. त्यातलं एकही चिन्ह तिला कळण्यासारखं नव्हतं, तरी ती ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. मग चष्मा काढला, पदराने पुसला, आणि म्हणाली,

"म्हणजे बरा आहे तो."

खडू